वाळूतली थोरली

३ फेब्रुवारी

मॅडम,

वर "आदरणीय" लिहावं की "प्रिय", यात दोन कागद फुकट गेले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "शंका, मायना राहू दे गं, मजकूर लिही." म्हणून नुसतं मॅडम.

फोन करण्यापेक्षा पत्र बरं, कारण माझा फोन तुम्ही उचलणार नाही. या सहा वर्षांत एक-दोनदा लावला होता. दोन्ही वेळा तुम्ही उचलाल या भीतीने मीच आधी ठेवून दिला. तेव्हा "उचलणार नाही" हे तसं अजून सिद्ध झालेलं नाही.

आपली जुनी इमारत रिकामी केली. प्रयोगशाळा आता नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. काचा, पांढरे ओटे, दारापाशी कार्ड लावायचं. सगळं झकास आहे, फक्त वास नाही. आता थाळ्यांत ओतायच्या माध्यमाची तयार पूड डब्यातून येते. आपल्या खोलीत सकाळी शिरलं की बटाटे उकडल्याचा वास यायचा. नव्याने रुजू झालेला कुणीतरी हमखास विचारायचा, "आज काय बेत?" आणि तुम्ही मान वर न करता सांगायचात, "पाहुण्यांचं आहे. तुमचं नाही." पाहुणे म्हणजे बुरशी. हे कळायला मला आठवडा लागला होता. तोवर मी रोज डबा न आणता येत होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

हल्ली मला थोरलीची फार आठवण येते. कागदोपत्री तिला नुसता आकडा होता. थोरली हे नाव तुमचं. बीजाणूंवर अतिनील दिवा धरायचा, वाचतील ते वाढवायचे, फळांचा रस ज्याने गढूळ राहतो त्या पेक्टिनच्या गढूळ थाळीत ठिपक्या-ठिपक्याने लावायचे आणि कुणाच्या भोवती स्वच्छ वलय सर्वांत रुंद पडतं ते बघायचं. जितकं वलय रुंद तितकं एन्झाइम जास्त, आणि तितका कारखान्यातला फळांचा रस लवकर निवळणार. हे तुम्ही वर्षानुवर्षं केलंत. हजारो थाळ्यांतून ती एक निघाली. मी आले तेव्हा ती होतीच. काजळासारखी काळीभोर, कडेला पांढरी किनार. तुम्ही थाळी उजेडात धरून म्हणाला होतात, "ही बघ आपली थोरली. हिच्या जिवावर आपण सगळे जेवतो."

मग कात्री आली. जनुकातली नेमकी जागा शोधून तिथेच कापणारी. ती शिकायला कारखान्याने मला पाठवलं आणि परत आल्यावर तुम्ही माझ्याकडून ती शिकलात, बाकावर माझ्या शेजारी बसून, शाळकरी मुलीसारखे प्रश्न विचारत. पहिली कात्री आपण दोघींनी मिळून लावली. आपलंच एन्झाइम खाऊन टाकणारं जे दुसरं एन्झाइम होतं त्याचं जनुक काढलं. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना चहा पाजलात.

दुसऱ्या कात्रीवरून बिनसलं. बीजाणू उडतात, टाक्यांच्या हॉलमध्ये लोकांना खोकला होतो, तेव्हा बीजाणू धरणंच बंद करा असं वरून आलं. तुम्ही त्या बैठकीत म्हणालात, "बीजाणू म्हणजे हिची झोप आहे. वाळूत कोरडे करून ठेवले तर तीस वर्षांनी उठते. जिला झोपवता येत नाही, तिला सांभाळणार कशी?" मला खोकणारी माणसं दिसत होती, तुम्हाला थोरली दिसत होती. मी कात्री लावली. पांढरीशुभ्र धाकटी तयार झाली, आणि तुम्ही निरोपाच्या कार्यक्रमालाही न थांबता गेलात. माझं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही पुरतं वाटत नाही. पण तुमचं बरोबर होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, याची सवय व्हायला वेळ लागतो.

धाकटीला उतरती कळा लागली आहे. बीजाणू नाहीत म्हणून तिचे तंतूच गोठवून ठेवावे लागतात, पुन्हा उठवावे लागतात, आणि दर खेपेला ती थोडी कमी होऊन उठते. आता मोठ्या टाकीत रस निवळत नाही. तिची सगळी जनुकं वाचून पाहिली, तर तुकडेच्या तुकडे गळून गेलेत. तिला शिवता येणार नाही. पुन्हा थोरलीपासूनच सुरुवात करावी लागेल.

आणि थोरली नाही. स्थलांतरात "जुनं सामान" म्हणून तुमचं कपाट आतल्या नळ्यांसकट गेलं. मी तेव्हा आईच्या आजारपणात रजेवर होते. परत आले तर भिंतीवर कपाटाच्या आकाराचा स्वच्छ चौकोन तेवढा होता.

नवे साहेब म्हणतात, मे अखेरपर्यंत बघू, नाहीतर बाहेरून तयार वाण विकत घेऊ. म्हणजे आपल्या प्रयोगशाळेला कुलूप. त्यांना सगळे आलेखसाहेब म्हणतात, कारण माणूस बोलायला गेला तरी ते पडद्यावरच्या रेघेकडे बघत ऐकतात.

आता खरं विचारते. तुमच्याकडे थोरली आहे का? थाळ्या-नळ्या वाफेत निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह सांभाळतो म्हणून ज्याला सगळे बंब म्हणतात, तो आपला बंब परवा म्हणाला, "मॅडम शेवटच्या दिवशी पर्स कशी धरून चालल्या होत्या आठवतंय? काठोकाठ भरलेला कप असल्यागत." मी त्याला दटावलं. पण मलाही ती पर्स आठवते.

हे पत्र मला तुमची आठवण येते म्हणून लिहिलं की नळी हवी म्हणून, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं. तुम्ही माझ्यापेक्षा बरं ओळखाल.

शंका

२१ फेब्रुवारी

मॅडम,

तुमचं उत्तर आलं नाही. पण काल मला एक फोन आला, आणि तो तुमच्यापासून लपवून ठेवणं मला जमणार नाही.

फोन तुमच्या वहिनींचा होता. नमस्कार-चमत्कार काही नाही. "त्या बुरशीवाल्या तुम्हीच ना? तुमचं पत्र टेबलावर पडलंय. वन्सं वाचतात, उशाखाली ठेवतात, पुन्हा वाचतात. उत्तर काही लिहीत नाहीत. अहो, माझ्या फ्रिजच्या दारात अंड्यांच्या कप्प्यात काचेच्या नळ्या आहेत. आत काळं. सहा वर्षं झाली, अंडी मी टोपलीत ठेवते. कुणी पाहुणा पाणी घ्यायला फ्रिज उघडतो आणि पाणी न पिताच परत येतो. घेऊन जा बाई एकदाची."

मी विचारलं, "त्यांना विचारून सांगता आहात का?"

"विचारलं असतं तर सांगू दिलं असतं का?"

मागून तुमचा आवाज ऐकू आला. "कुणाशी बोलतेस गं?" वहिनी म्हणाल्या, "दूधवाल्याशी," आणि फोन ठेवला.

मॅडम, तो आवाज जसाच्या तसा आहे. वरच्या पट्टीत, शेवटच्या शब्दावर जोर. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. लेकीने विचारलं, "आई, कोण वारलं?" मी म्हटलं, कुणी नाही, कुणीतरी जिवंत आहे. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "मग उद्या सकाळची गाडी पकड आणि घेऊन ये. वहिनी देतायत ना?"

वहिनी देतायत हेच तर. त्यांच्या हातून आणली तर थोरली येईल. तुम्ही दिली असं होणार नाही. लेक म्हणाली, "प्रयोगशाळा बंद पडली की बस मग तुझं बरोबर-चूक कुरवाळत." तिचंही चूक नाही. इथे आम्ही पाच जण आहोत आणि बंबला आता दुसरीकडे कोण घेणार?

तरी मी येणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हाच. वहिनींना रागावू नका. सहा वर्षं अंडी टोपलीत म्हणजे गंमत नाही.

शंका

१२ मार्च

मॅडम,

नळी पोचली. कापसात, मग रुमालात, मग चहाच्या पत्र्याच्या डब्यात. आणि तुमची चिठ्ठी: "थोरली पाठवत आहे. उघड्या थाळीवर बोलू नकोस." सहा वर्षांनी एवढंच. पण मी ती चिठ्ठी आत नेली आणि थाळ्या ओतून होईपर्यंत खरंच कुणी तोंड उघडलं नाही. बंबने तर श्वासही रोखला होता. शेवटी खोकला आल्यावर दार उघडून बाहेर पळाला.

या वेळी मी पुडीचा डबा बाजूला ठेवला. बटाटे आणले, सोलले, उकडले, गाळले. पलीकडच्या विभागातली एक मुलगी दारात येऊन म्हणाली, "वास छान येतोय. काय आहे?" मला उत्तर तोंडपाठ होतं, पण ते तुमचं आहे म्हणून नुसती हसले.

दुसऱ्या दिवशी पांढरा कापूस. तिसऱ्या दिवशी त्यावर पिवळट झाक. चौथ्या दिवशी सकाळी उबवणपेटी उघडली आणि ती काळी होऊन बसली होती. मॅडम, मी इतकी वर्षं पांढऱ्या थाळ्या बघत होते, मला वाटायचं मी थोरलीचा काळा विसरले असेन. विसरले नव्हते. तुम्ही शिकवलेलं सगळं हाताला आपोआप आठवलं. सुई ज्योतीत लाल करायची, थाळीच्या कडेला टेकवून निववायची, बीजाणू उचलताना वारा द्यायचा नाही. एकदा मी घाईने गरम सुई लावली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "भाजलीस तिला. आता सॉरी म्हण." आणि मी खरंच म्हटलं होतं, पंचविशीतली पदवीधर बाई, एका थाळीला.

उद्या पेक्टिनच्या थाळीवर लावते आणि वलय बघते. मग लगेच कळवते.

शंका

२ एप्रिल

मॅडम,

लगेच कळवते म्हटलं होतं. ते झालं नाही, कारण कळवायचं काय हे ठरेना.

वलय आलं नाही. म्हणजे आलं, पण बारीक, बोटातल्या अंगठीएवढं. मला वाटलं थाळी बिघडली. पुन्हा ओतली. पुन्हा तेच. छोट्या टाकीत वाढवून रसात टाकून पाहिलं, रस सकाळपर्यंत गढूळच.

मी तुम्हाला "छान आहे, मिळाली, आभार" असं लिहून टाकावं आणि इथे निमूटपणे कुलूप लागू द्यावं, असा एक विचार आला होता. एक पत्र तसं लिहिलंही. वाचून बघितलं, तर ते एखाद्या परक्या बाईला लिहिलेलं वाटलं. फाडलं.

मग जे नीट विचारायचं ते थोरलीलाच विचारलं. नळीतल्या थोरलीची जनुकं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतली, आणि धाकटी करण्याआधी आपण तिची जी प्रत वाचून ठेवली होती तिच्याशी ताडून पाहिली. ती तीच आहे यात शंका नाही. (हसू नका.) पण जागोजागी अक्षरं बदललीत. बहुतेक बदल निरुपद्रवी आहेत. एक मात्र नेमका त्या जनुकात आहे जे एन्झाइम सोडायचा हुकूम देतं. हुकूमच देईनासा झालाय.

वाळूत झोपलेल्या बीजाणूंत असं होत नाही. हे दर काही आठवड्यांनी नव्या नळीत, नव्या खाऊवर हलवलेल्या वाणाचं लक्षण आहे. पुन्हा पुन्हा वाढवलं, आयतं गोड खायला घातलं, की ज्यासाठी तिला पेक्टिन फोडावं लागायचं ते काम ती सोडून देते. हे आम्हाला शिकवलं कुणी? तुम्हीच. "वाण सारखा उठवाल तर बिघडवाल," हे फळ्यावर लिहिलेलं असायचं.

म्हणून विश्वास बसत नाही. कुणी दुसऱ्याने हाताळली का? वीज जाऊन फ्रिज बंद पडला होता का? दोष द्यायला विचारत नाही. मला फक्त कळायला हवं.

शंका

२४ एप्रिल

मॅडम,

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत उघडलं नाही. घरी आणलं, हातपाय धुतले, मग उघडलं. त्यातला हा भाग मी पुन्हा लिहून काढते आहे. तुम्हाला परत ऐकवायला नाही. तुम्ही काय लिहिलंत ते माझ्या हातून एकदा जायला हवं म्हणून.

"फ्रिज बंद पडला नव्हता आणि कुणी हात लावला नाही. मी वाळूतलीच नळी आणली होती. सीलबंद. इथे भावाच्या घरी सगळे चांगले आहेत, पण मला इथे काम नाही. भाजी निवडायला घेतली तर वहिनी म्हणते राहू द्या हो वन्सं. पहिल्या वर्षी एक दिवस वाटलं, वाळूत जिवंत आहे की मेली कोण जाणे. नळी फोडली. बटाट्याचं पाणी केलं. चौथ्या दिवशी काळी आली तेव्हा मी वहिनीला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, शी! मी म्हटलं, शी काय शी. मग तिला पुन्हा झोपवायला हवं होतं, मला काय माहीत नव्हतं? पण झोपवली की ती दिसत नाही. दर महिन्याला नव्या नळीत लावायची आणि चार दिवस वाट बघायची. मला वाट बघायला काहीतरी होतं. शंका, तुझ्या धाकटीला झोप नव्हती म्हणून ती गेली. माझ्या थोरलीला झोप होती, मी ती येऊ दिली नाही. नळी पाठवली तेव्हा मला ठाऊक होतं ती काय झाली असेल. वाटलं, चुकून बरी असेल. आता काय करायचं ते कर. यापुढे मला लिहू नकोस, लाज वाटते."

यापुढे लिहू नकोस म्हणालात तरी लिहिते आहे.

मॅडम, मी तुमच्या जागी असते तर नळी पहिल्याच आठवड्यात फोडली असती.

आता कामाचं. बदललेलं ते अक्षर एकच आहे. त्याच जागी कात्री लावायची आणि मूळ अक्षर असलेलं ठिगळ बरोबर द्यायचं. पेशी ते ठिगळ बघून स्वतःला सांधते. पहिली कात्री, जी तुम्हालाही मान्य होती, तीही पुन्हा लावावी लागेल, कारण तुमची नळी त्याआधीची आहे. अवघड भाग त्याच्या पुढचा. एका तंतूत पुष्कळ केंद्रकं, काही दुरुस्त, काही जुनीच. एकेक बीजाणू वेगळा करून, त्याची थाळी, त्यातून पुन्हा एक बीजाणू, असं निवडत जावं लागेल. म्हणजे तुमचंच काम. मला आता चष्मा लागतो. सुईच्या टोकावर एक बीजाणू आहे की दोन, हे मला एकटीला खात्रीने सांगता येत नाही, आणि नव्या मुलांना सूक्ष्मदर्शकापेक्षा पडदा जास्त कळतो.

तुमची परवानगी विचारते. कारखान्याची नाही, ती आहे. थोरलीला कात्री लावू का? "नको" म्हणालात तर लावणार नाही, आणि मे अखेरीस जे व्हायचं ते होईल.

शंका

६ मे

मॅडम,

तार करावी तसं हे चार ओळींचं लिहिते. "लाव. पण बीजाणूंना हात लावलास तर याद राख. सुईचं टोक घासून घे, बोथट असेल" हे कार्ड पोचलं. टोक बोथटच होतं. तुम्हाला तिथून कसं कळतं?

घासून घेतलं. सुरुवात केली.

शंका

२९ मे

मॅडम,

निवडीच्या तिसऱ्या फेरीतल्या एका थाळीवर वलय आलं. सुई मी धरायची आणि टोकावर बीजाणू एक की दोन, ते नवा सहकारी पडद्यावर मोठं करून सांगायचा. मी तुमची फूटपट्टी लावली नाही, कारण ती कपाटाबरोबर गेली. पण बंबला बोलावलं तर तो दारातूनच म्हणाला, "आली की!" छोट्या टाकीतलं एन्झाइम रसात टाकलं. जेवून परत आलो तर नळीच्या मागचा कॅलेंडरचा आकडा रसातून वाचता येत होता.

आलेखसाहेबांना रेघ दाखवली. त्यांनी पहिल्यांदाच रेघ सोडून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "छान. आता बीजाणू बंद करून टाका." मी म्हटलं, नाही. का, ते सांगितलं, तुमच्याच शब्दांत, कारण त्याहून नेमके शब्द मला सापडले नाहीत. आणि हेही सांगितलं की हॉलमध्ये खोकणारी माणसं खरी आहेत, तेव्हा हवा गाळायची यंत्रणा बसवा, खर्च विकतच्या वाणाच्या किमतीपेक्षा कमीच येईल. ते पुन्हा रेघेकडे वळले. मग म्हणाले, "लिहून द्या." दिलंय. प्रयोगशाळा वर्षभर तरी चालेल. त्यापुढचं मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं लिहिणार नाही.

तुम्ही त्या कार्डाच्या कोपऱ्यात विचारलं होतंत, कात्री लागल्यावर ही थोरलीच राहील का. मी यावर पुष्कळ विचार केला. मला ठरवता येत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. निवडलेल्या वाणाची जनुकं पुन्हा वाचली. मोडलेलं अक्षर दुरुस्त होऊन जाग्यावर आलंय. बाकीचे जे बदल होते, ते इकडे-तिकडे पडलेले, कामाला न अडवणारे, तेही सगळे आहेत. ते तुमच्या फ्रिजमध्ये झाले. दर महिन्याच्या नव्या नळीत, बटाट्याच्या पाण्यावर, तुम्ही चार दिवस वाट बघत असताना. नव्या सहकाऱ्याने विचारलं, "हेही सरळ करून टाकूया का? मूळ प्रतीशी तंतोतंत जुळेल." करता आले असते. मी नको म्हटलं. कारण विचारलं तर मी काहीतरी तांत्रिक सांगितलं, की प्रत्येक कात्रीत जोखीम असते. ते खोटं नाही. पण कारण ते नव्हतं. ती वर्षं तिच्यात आहेत, तर असू देत.

बीजाणू वाळूत कोरडे केले. कारखान्याच्या नळ्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवल्या. एक जास्तीची भरली आहे. तुम्हाला पाठवू का, हे विचारायला साहेबांकडे गेले, ते फोनवर होते, त्यांनी हात हलवला. त्याचा अर्थ "हो" की "नंतर या", यावर मी नेहमीची मी असते तर आठवडा काढला असता. मी "हो" धरला.

नळी याच पाकिटात आहे. वहिनींना सांगा, एकच आहे, अंडी कप्प्यात ठेवता येतील.

आणि मॅडम, झोपवून ठेवायची बिलकुल सक्ती नाही. बघावीशी वाटली तर फोडा. इथे आणखी आहेत.

तुमची
शंका